गावाची बातमी कुणासाठी

महाबळेश्वर वर्षातून तीनदा बातमीत येतं. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की 'हिमकण' म्हणून, मे महिन्यात पसरणी घाटात गाड्यांची रांग लागली की 'कोंडी' म्हणून, आणि जुलैत पावसाने आकडा ओलांडला म्हणून. सोलापूरचंही तसंच. पारा ४४ च्या पुढे गेला, उजनी धरण उण्यात गेलं, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली, की राज्यभरच्या पानांत आम्हाला जागा मिळते. मी या दोन्ही गावांत वार्ताहर म्हणून काम केलं. आधी सोलापूर, मग बरीच वर्षं महाबळेश्वर-पाचगणी, आणि आता पुन्हा सोलापूर. या नेमाच्या बातम्या गावाबाहेरच्या वाचकासाठी असतात, हे या सगळ्या काळात माझ्या मनात पक्कं झालं. गावात राहणाऱ्याची बातमी निराळी असते. ती छोटी दिसते, मिळवायला वेळ लागतो, आणि ती छापून आली नाही तर कुणाचं तरी खरोखरीचं नुकसान होतं.

सोलापुरात मी बातमी शिकले ती नळावर. आमच्या जुन्या वृत्तसंपादकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, उद्या कुठल्या पेठेत पाणी येणार हे आधी आण, मग बाकीचं. शहराचं पाणी तीन ठिकाणांहून येतं: उजनीहून शंभर किलोमीटरहून लांब असलेल्या जलवाहिनीने, भीमेवरच्या औज बंधाऱ्यातून टाकळीमार्गे, आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावातून. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, साठा सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणून तर पातळी 'उणे' होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण जिल्ह्यात एवढं मोठं धरण असलेल्या शहरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी यायचं, आणि ते नेमकं कधी येणार हे सांगणारा माणूस शोधावा लागायचा, ही खरी बातमी होती.

शहराच्या पूर्वभागात एका वृद्ध विडी कामगार बाईने मला हिशोब समजावला. मजुरी हजार विड्यांवर. पाण्याची पाळी रात्री दोनची आली की घरातल्या बायका मोटर लावून बसायच्या, पहाटेपर्यंत पिंप-घागरी भरायच्या. दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर झोप, हात चालत नाही, विड्या कमी भरतात, आणि हजारात जितक्या कमी तितके पैसे कमी. पाळी दिवसा आली तर यंत्रमागावरच्या माणसाचा खाडा. 'पाणीपुरवठा विस्कळीत' या दोन शब्दांच्या मथळ्याखाली हे सगळं दडलेलं असतं. त्यानंतर मी पाण्याच्या बातमीत वेळ लिहिल्याशिवाय राहिले नाही.

महाबळेश्वरला बदली झाली तेव्हा घरच्यांना आनंद झाला. सोलापूरकराला महाबळेश्वर म्हणजे मेमधली सुट्टी. पंढरपूर, नातेपुते, फलटण करत वाईला पोचायचं, पसरणीचा घाट चढायचा, टेबल लँडवर वारा खायचा, परत येताना जांभळं-स्ट्रॉबेरीचे खोके आणि चपला. माझ्याही डोळ्यांसमोर तेच होतं. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात एका वाडीवर गेले तेव्हा दरीच्या कडेने बायका हंडे घेऊन उतरत होत्या. इथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या बायकांतल्या एका आजींनी मला सांगितलं, "वरनं पडतंय न् खाली जातंय बाई, आमी मदल्या मदी कोरडं."

भूगर्भाच्या जाणकारांनीही पुढे मला हेच सांगितलं, फक्त जास्त शब्दांत. माथ्यावर जांभ्याचा थर आहे. तो सच्छिद्र, पाणी शोषून घेतो. खालच्या काळ्या खडकाला लागलं की ते आडवं सरकतं आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. त्या झऱ्यांवर वाड्या जगतात. क्षेत्र महाबळेश्वरी ज्या पंचगंगेच्या मंदिरात आपण हात जोडतो तेही याच झऱ्यांचं देणं. वर बांधकाम वाढलं, माथ्यावर बोअर झाले, झाडी विरळ झाली, की खालचा झरा मार्चमध्येच बारीक होतो. गाव आणि पाचगणी मिळून वेण्णा तलावावर अवलंबून. हा तलाव साताऱ्याच्या छत्रपतींनी, आप्पासाहेब महाराजांनी, १८४२ मध्ये बांधवून घेतला. त्यात गाळ साचतो, आणि भर सीझनमध्ये गावाची लोकसंख्या कित्येक पटींनी फुगते. हॉटेलांना टँकर विकत घेता येतो. वाडीला येत नाही.

झरे आटल्याची पहिली बातमी मी पाठवली तेव्हा ती जिल्ह्याच्या आतल्या पानावर चार ओळींत आली. त्याच आठवड्यात बाजारपेठेतल्या गर्दीचा फोटो पहिल्या पानावर होता. मी रागावले नाही, पण मला कळलं की इथून पुढे प्रत्येक वाडीचं नाव, झऱ्याचं नाव, तो कुठल्या महिन्यात आटला हे वहीत लिहून ठेवायचं. दरवर्षी. पुढच्या वर्षी तोच झरा पंधरा दिवस आधी आटला, तर ती बातमी चार ओळींची राहत नाही. स्थानिक वार्ताहराकडे बाहेरच्यापेक्षा जास्त असं एकच काही असतं, मागच्या वर्षीची वही.

हिमकणांबद्दल थोडं सांगते. थंडीच्या लाटेत पहाटे वेण्णा तलावाच्या जेटीवर, होड्यांच्या फळ्यांवर, मोटारींच्या टपांवर दव गोठतं. लिंगमळ्याच्या बाजूला शेतांवरही. फोटोसाठी कार्यालयातून आदल्या रात्रीच फोन येई. मी तो काढत असे, का नाही काढायचा, ते सुंदर असतं. पण लिंगमळ्याच्या त्याच शेतात स्ट्रॉबेरीची फुलं काळी पडलेली असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली रोपं, मल्चिंगचा कागद, ठिबक, मजुरी, सगळा खर्च होऊन बसलेला, आणि पहिल्या बहराचा भाव चांगला मिळणार तेवढ्यात रात्रीतून तो गेला. देशातल्या स्ट्रॉबेरीचा मोठा हिस्सा या एका पट्ट्यातून जातो, २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी हिमकणांच्या फोटोसोबत काळ्या पडलेल्या फुलांचा फोटोही पाठवायला लागले आणि ओळीत शेतकऱ्याचं म्हणणं घालायला लागले. कधी कापलं जाई, कधी टिकून राही. ज्या दिवशी ते टिकलं त्या दिवशी भिलारच्या एका शेतकऱ्याने कात्रण जपून ठेवलं, कारण नुकसानीचा अर्ज करताना 'थंडीने' असं कुठे तरी छापलेलं दाखवता आलं.

महाबळेश्वरात सगळ्यात जास्त बोललं जाणारं आणि सगळ्यात कमी समजून घेतलेलं प्रकरण म्हणजे 'इको'. १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. लोक त्याला नुसतं 'इको' म्हणतात. पोराचं लग्न ठरलं, मागच्या बाजूला एक खोली वाढवायची, तर 'इको आडवं येतंय.' परवानगीची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाते. एका माणसाची अशी फाइल मी कितीतरी काळ पाहत होते. तो दर वेळी नवा नकाशा, नवा दाखला घेऊन जायचा. शेवटी त्याने परवानगीशिवायच खोली बांधली, आणि पाडापाडीच्या मोहिमेत तीच पहिली गेली. त्याच रस्त्यावरची मोठी बांधकामं न्यायालयाच्या तारखांवर उभी राहिली.

यावर माझं मत स्पष्ट आहे आणि ते मी तिथेही बोलून दाखवलं. हा कायदा हवाच. तो नसता तर पठारावर आज झाड दिसलं नसतं आणि झऱ्यांचं काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको. पण ज्याचं पिढीजात घर तिथे आहे त्याची एक खोली आणि ज्याची गुंतवणूक तिथे आहे त्याचे चाळीस खोल्यांचे मजले यांना एकाच रांगेत उभं केलं की रांगेत टिकतो तो पैसेवाला. गावकऱ्यांचा कायद्यावरचा राग खरं तर या रांगेवरचा राग आहे. तो 'पर्यावरणविरोधी स्थानिक' अशा मथळ्याखाली छापला गेला की मला फार वाईट वाटायचं.

या गावाची घडणच बाहेरच्यासाठी झाली, हेही विसरता येत नाही. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या छत्रपतींकडून ही जागा खंडाळा गावाच्या बदल्यात घेतली आणि गोऱ्या साहेबांच्या हवापालटासाठी माल्कम पेठ वसवली. पॉइंटांना त्यांच्याच लोकांची नावं पडली. सिंदोळ्याचा विल्सन पॉइंट झाला, नाकिंद्याचा केट्स पॉइंट. रस्ता कुठून जावा, बाजार कुठे बसावा, पाणी आधी कुणाला मिळावं, हे येणाऱ्याच्या सोयीने ठरलं. साहेब गेले, येणारे बदलले, सोयीचा क्रम तोच राहिला. माथेरानकडे पाहिलं की हे आणखी लख्ख दिसतं. तिथे वाहनबंदी म्हणून माणसाने माणसाला हातरिक्षात ओढायचं, हे स्वातंत्र्यानंतर इतकी वर्षं चाललं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सहा महिन्यांत ते बंद करा असं सांगावं लागलं. त्या रिक्षावाल्यांना ई-रिक्षा मिळाव्यात म्हणून त्यांनीच वर्षानुवर्षं खेटे घातले होते. पर्यटकांसाठीच्या लेखांत मात्र ती रिक्षा 'जुन्या काळाची मजा' म्हणून यायची.

जुलै २०२१ हा माझ्या कामातला सगळ्यात कठीण काळ. २२ आणि २३ तारखेच्या दरम्यान चोवीस तासांत महाबळेश्वरात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमच्या सोलापूर जिल्ह्यात सबंध पावसाळ्यात सरासरीने जेवढा पडतो त्याहून तो जास्त होता. वीज गेली, फोन गेले, आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी खचला. त्याच दरम्यान खाली महाडजवळ तळीये गावावर डोंगर कोसळला, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे माणसं गाडली गेली. सगळे कॅमेरे तिकडे गेले, ते योग्यच होतं. इकडच्या दऱ्यांत माणसं वाचली होती, पण शेत राहिलं नव्हतं.

डोंगरातलं भातखाचर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दगडाच्या ताली रचून, मागे माती भरून तयार केलेली जमीन. रस्ता सुरू व्हायची वाट न पाहता मी पायी दोन वाड्यांवर गेले. ताली वाहून गेल्या होत्या, खाचरांत मोठमोठे धोंडे आणि गाळ, आणि जिथून माती गेली तिथे नुसता खडक. एक बाई मला म्हणाली, "ताई, भात परत लावू, पण माती कुठनं आणायची?" सरकारी भाषेत याला 'खरडून गेलेली जमीन' म्हणतात आणि तिची भरपाई पिकाच्या भरपाईहून वेगळी असते. बऱ्याच जणांना हे माहीतच नव्हतं, ते पिकाच्याच पंचनाम्यावर सही करून मोकळे होत होते.

त्यात दुसरी अडचण सात-बाऱ्याची. या खोऱ्यांतली निम्मी कर्ती माणसं मुंबईत. आजा माथाडी, बाप माथाडी, आता पोरगा कुठे तरी नोकरीला. जमीन अजून आजाच्या नावावर किंवा आठ-दहा वारसांच्या सामाईक नावावर. भरपाई एकाच्या खात्यावर जमा व्हायची तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं, आणि ते बाकीचे कांदिवली, घणसोली, कोपरखैरणेला. मी तलाठ्यांकडून आणि तहसीलमधून माहिती घेऊन कुठली कागदपत्रं लागतात, पंचनाम्यात कुठला शब्द लिहून घ्यायचा, संमतीपत्राचा मजकूर काय असावा, याची एक चौकट तयार केली. ती छापून यावी म्हणून मी जेवढी भांडले तेवढी दुसऱ्या कशासाठी भांडले नाही. ती आली. तिचे फोटो गावांच्या मुंबई मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले, एसटीने संमतीपत्रं यायला लागली. आयुष्यात मी लिहिलेल्या कुठल्याही लेखापेक्षा ती चौकट मला मोलाची वाटते.

तापोळ्याच्या पलीकडे, कोयनेच्या फुगवट्याआड राहिलेल्या गावांचं वेगळंच. धरणाने साठच्या दशकात खोरं बुडवलं, बरीच कुटुंबं उठवली गेली, काही वरच्या बाजूला सरकून राहिली. त्यांचा रस्ता म्हणजे पाणी. लाँच चुकली तर दवाखाना चुकला. पर्यटकांच्या तोंडी 'मिनी काश्मीर' असलेल्या त्या जलाशयावर बाळंतिणीला घेऊन निघालेल्या घरच्यांचे चेहरे मी पाहिलेत. गाव रिकामं होत गेलं की जमीन विकली जाते, आणि ती घेणारा गावातला नसतो. २०२४ मध्ये कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीच्या जमिनीचं प्रकरण राज्यभर गाजलं तेव्हा पुण्या-मुंबईला आश्चर्य वाटलं. खोऱ्यातल्या माणसांना वाटलं नाही. त्यांनी अशा गोष्टी आम्हाला फार आधीपासून चहाच्या टपरीवर सांगितल्या होत्या. टपरीवरचं बोलणं कागदोपत्री सिद्ध करायला फेरफार उतारे काढावे लागतात, एकेक गट नंबर तपासावा लागतो. एका तालुक्याला एकच वार्ताहर, आणि त्यालाच जाहिरातीही आणायच्या, अशी व्यवस्था असते तिथे हे काम मागे पडतं. ग्रामीण पत्रकारितेचं हे दुखणं मी पाहिलं तेव्हाही होतं आणि आजही आहे.

सोलापूरला परतले तेव्हा वाटलं होतं, हे सगळं डोंगरातच राहील. तसं झालं नाही. १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. विमानसेवेला ती अडथळा ठरत होती. ती कोसळताना राज्यभरच्या वाहिन्यांनी दाखवली, काही सेकंदांत संपलं. शहराला विमान हवं होतं, ऊस उत्पादक सभासदांना गाळपाची चिंता होती, दोन्ही बाजूंची माणसं याच गावची. चिमणी पडल्यावर ऊस कुठे घालायचा, वाहतुकीचा खर्च किती वाढणार, हे विचारायला दुसऱ्या दिवशी कारखान्यावर फारसं कुणी नव्हतं. ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, ती बातमी पहिल्या पानावर आली. यायलाच हवी होती. शेतकऱ्याची दुसऱ्या दिवसाची बातमी तिच्याखाली यायला हवी होती, एवढंच माझं म्हणणं.

आणि मग नोटिसा. वर्तमानपत्रात मागच्या पानांवर बारीक टाइपात येणारा, गट नंबरांनी भरलेला मजकूर. सुरत-चेन्नई महामार्गासाठी बार्शी, दक्षिण सोलापूर, अक्कलकोटच्या जमिनी गेल्या, तेव्हा माझ्याकडे येणारे शेतकरी मोबदल्याची रक्कम कळल्यावर येत होते. पहिली अधिसूचना छापून आली, हरकतीची मुदत सुरू झाली, संपली, तेव्हा ते पेरणीत होते. शक्तिपीठ महामार्गाची चर्चा सुरू झाल्यावर मात्र गावागावांत लोक आधीच गट नंबर शोधायला लागले. ठेच लागल्यावर आलेलं शहाणपण आहे ते.

महाबळेश्वरच्या खोऱ्यांतून मला अजून फोन येतात. सुरुवातीला सातारा जिल्ह्यातल्या २३५ गावांसाठी जाहीर झालेला 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्प, त्यासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून रस्ते विकास महामंडळ, मग प्रारूप आराखडा, त्यावर हरकती-सूचना. फोन करणाऱ्यांत प्रकल्पाला विरोध करणारे आहेत, रस्ता आणि रोजगार येईल म्हणून वाट पाहणारेही आहेत. दोघांचा प्रश्न एकच असतो, "ताई, आमच्या गटावर काय दाखवलंय?" नकाशा इंटरनेटवर उघडतो, पण तो वाचायचा कसा हे कुणी शिकवलेलं नसतं. कुठला रंग शेतीचा, कुठला पर्यटनाचा, आरक्षणाची खूण कुठली, हे मी फोनवर सांगत बसते. हे खरं तर तिथल्या वार्ताहराने गावोगावी चौकट छापून सांगायचं काम आहे, आणि मी माझ्या जागी आलेल्या तरुण मुलाला ते करायला लावलंय.

कृष्णा महाबळेश्वरच्याच डोंगरात उगवते आणि टेंभू योजनेतून उचललेलं तिचं पाणी आमच्या सांगोल्यापर्यंत येतं. महाबळेश्वरचं काय होतं हा सोलापूरकराच्या सुट्टीपुरता विषय नाही.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या वर्तमानपत्राचं मागचं पान, जिथे जाहीर नोटिसा असतात, ते आठवड्यातून एकदा तरी पुढच्या पानाइतक्याच लक्षाने वाचा. आपल्या गावाचं नाव दिसलं तर ग्रामपंचायतीत जाऊन मूळ कागद बघा. हरकत घ्यायची असेल किंवा पाठिंबा द्यायचा असेल, तर मुदतीच्या आत, स्वतःच्या शब्दांत, गट नंबरासह लिहून द्या, आणि आवक-जावक टेबलावर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. ती प्रत जपून ठेवा, आणि एक प्रत तुमच्या तालुक्याच्या वार्ताहरालाही द्या.